टॅपेट कव्हरचं पॅकिंग

पाणीपुरवठा खात्यात त्याला सगळे भिंग म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरली की हमखास. बावीस वर्षं तो घरोघरचे पाण्याचे मीटर तपासत होता. मीटरला चुंबक चिकटवणारे, मीटर उलटा बसवणारे, मीटरच्या अलीकडेच जोड काढून बागेला पाणी देणारे, असे नाना नमुने त्याच्या नजरेखालून गेले होते. दारात उभं राहून "साहेब, आम्ही नाही हो" म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तो बघतच नसे. भिंतीवरच्या ओलीकडे बघे. घरीही हा स्वभाव कपड्यांबरोबर खुंटीला टांगता येत नव्हता. दूध वेळेआधी आलं तरी तो विचारायचा, आज लवकर कसं?

त्यामुळे बायकोच्या थोरल्या भावाने आपली गाडी बहिणीला द्यायची ठरवली, तेव्हा बायको खूश झाली आणि भिंग विचारात पडला. हा माणूस गाडी सोडतोय कशाला?

मेहुणा औषधांच्या कंपनीत फिरतीच्या नोकरीवर होता. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दर सुट्टीला बादली, फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन तो चाकांच्या जाळ्या घासत बसायचा. दुसऱ्या कुणी दार जरा जोरात लावलं तर दोन दिवस फुगून असायचा. तोच माणूस फोनवर म्हणाला, "कंपनीने नवी गाडी दिलीय. दोन दोन कुठे ठेवू?" किंमतही अशी सांगितली, की कुणीही डोळे मिटून हो म्हणावं. भिंगाला डोळे मिटायची सवय नव्हती.

"तुम्हाला माझ्या भावाचं काहीच चांगलं दिसत नाही का?" बायको म्हणाली.

"चांगलं दिसतंय म्हणून तर विचारतोय."

बायको शाळेत गणित शिकवायची. शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागे. मागच्याच वर्षी तिने गाडी शिकून परवाना काढला होता, तो पर्समध्ये नुसताच पडून होता. भिंग स्वतः गाडी चालवत नसे. त्याची खात्याची स्कूटर बरी होती. तेव्हा शेवटचा शब्द बायकोचाच, आणि गाडी आली.

शनिवारी दुपारी मेहुणा गाडी घेऊन आला खरा, पण बसला होता शेजारच्या सीटवर. चालवत होता त्याचा एक मित्र.

"पाठ धरलीय जरा," मेहुणा उतरता उतरता म्हणाला. आणि लगेच खाली वाकून त्याने मागच्या चाकात रुतलेला खडा नखाने उकरून काढला. भिंगाने हे पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

बॉनेट उघडून दाखवण्याचा कार्यक्रम झाला. आतलं इंजिन इतकं स्वच्छ होतं, की त्यात तोंड पाहावं. भिंगाचा अनुभव असा, की ज्या घरी तपासणीच्या दिवशी मोरी धुतलेली असते, त्याच घरी गळती असते.

"रोज वापरात होती ना?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"रोज म्हणजे रोज, भावजी. अगदी परवापर्यंत. दिवसाला चाळीस किलोमीटर कुठे गेले नाहीत. इंजिन एकदम मोकळं आहे." मेहुण्याने बॉनेट हलक्या हाताने खाली केलं. "आणि काही काम निघालं तर मला सांगा, मी माणूस पाठवतो. परस्पर कुणाला खोलायला देऊ नका."

चहा घेऊन ते दोघे बसने परत गेले. पाठ धरलेला माणूस बसचे धक्के खात जाईल, भाड्याची गाडी करणार नाही, हेही भिंगाने नोंदवलं. मग तो एकटाच गाडीत जाऊन बसला. समोरच्या काचेच्या कोपऱ्यात आतून एक छोटा कागद चिकटवलेला होता. शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली त्याची तारीख, आणि त्या वेळचे किलोमीटर. एकसष्ट हजार दोनशे आठ. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. भिंगाने किल्ली फिरवून मीटर पाहिला. एकसष्ट हजार तीनशे एकवीस.

आठ महिन्यांत एकशे तेरा किलोमीटर. आणि म्हणे दिवसाला चाळीस.

आयुष्यभर तो ज्या गोष्टीच्या मागे फिरला, ती आता त्याच्याच दारात येऊन उभी होती. मीटर मागे फिरवलेला.

त्याने बायकोला हाक मारली, कागद दाखवला, आकडा दाखवला. गणिताच्या बाईला वजाबाकी समजावून सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "कागदावर लिहिताना चुकलं असेल कुणाचं तरी."

"आणि इतकं स्वच्छ इंजिन?"

"तो रोज आंघोळही दोनदा करतो. त्याचंही काही वाटतं का तुम्हाला?"

विषय तिथे संपला, म्हणजे बोलण्यातून संपला. बायको रोज गाडीने शाळेत जाऊ लागली. एक तास वाचला, तिचा चेहरा उजळला, आणि भिंगाला त्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघून आणखीनच अवघड वाटू लागलं.

तिसऱ्या आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, "पुलाचा चढ चढताना गाडीत कसलासा वास येतो. तव्यावर तेल करपल्यासारखा."

भिंग लगेच खाली गेला. गाडीच्या जागेवर, पुढच्या बाजूला, फरशीवर रुपयाएवढा काळपट डाग होता. त्याने बोट लावलं, चोळलं, हुंगलं. इंजिनचं तेल. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला थोडं हायसंच वाटलं. आपण उगाच शंका घेत नव्हतो.

"दादाला सांगू या. तो माणूस पाठवतो म्हणालाय," बायको म्हणाली.

"म्हणूनच नाही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेली. गॅरेजवाला पन्नाशीचा, जाडजूड, एकटाच काम करणारा माणूस होता. त्याने दिवा लावून इंजिनवर वरून खालून नजर टाकली आणि सांगितलं, "टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय, साहेब." इंजिनच्या डोक्यावर हे झाकण असतं, झाकणाच्या कडेने रबराची पट्टी असते, ती कडक होऊन चिरली की तेल झिरपतं. "ते खाली तापलेल्या पाइपवर पडतं, म्हणून वास येतो. मोठं काम नाही."

मग त्याने पुढे वाकून कडेवरून नख फिरवलं. नखावर लाल रबरासारखा तुकडा आला.

"हे आधी कुणीतरी उघडलंय मात्र. अलीकडेच. हा चिकट माल बघा कसा थापलाय, पावावर लोणी लावल्यासारखा. हा दोन कोपऱ्यांत थेंबभर लावायचा असतो. हे गॅरेजातलं काम नाही, कुणीतरी घरी बसून केलंय."

भिंगाच्या मनात आता पाल चुकचुकली नाही, तिने तळच ठोकला. म्हणजे मेहुण्याला गळती माहीत होती. माहीत असून त्याने ती थापून बुजवली, वरून इंजिन धुतलं, मीटर मागे घेतला आणि गाडी सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारली.

पण गॅरेजवाल्यावर तरी विश्वास का ठेवावा? पॅकिंग बदलायचं सांगून जुनंच पुसून बसवलं तर कुणाला कळणार? भिंगाने घरून पांढऱ्या रंगाची छोटी डबी आणली, आणि गॅरेजवाला चहाला गेला तेवढ्यात झाकणाच्या दहाही बोल्टांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिले. जुन्या पॅकिंगच्या बाहेर डोकावणाऱ्या कडेवर ब्लेडने बारीक चीर मारली. त्यात त्याचं बोट कापलं. तो रुमाल गुंडाळून समोरच्या बाकावर बसला आणि सगळं काम होईपर्यंत हलला नाही.

गॅरेजवाल्याने वायरी बाजूला केल्या, बोल्ट काढले, चिकटलेलं झाकण रबरी हातोडीने हळूच ठोकून सोडवलं. जुना चिकट माल खरवडून काढला, कडा पुसून कोरड्या केल्या, नवं पॅकिंग खाचेत बसवलं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एक इकडचा एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळले. "एकदम पिळले तर झाकण वाकतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. शेवटी जुनं पॅकिंग त्याने भिंगाच्या हातात दिलं.

"चीर बघून घ्या तुमची," तो म्हणाला. "आणि बोल्टांना रंग लावायचा तर सांगून लावायचा, साहेब. माझ्या पान्याला लागला."

भिंगाने चीर बघून घेतली.

पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी पुन्हा वास, पुन्हा डाग, आणि तोही आधीपेक्षा मोठा. भिंग सकाळी सकाळी गॅरेजात जाऊन उभा राहिला.

"नवं पॅकिंग पंधरा दिवसांत जातं का?"

"जात नाही," गॅरेजवाला म्हणाला.

"मग बसवलेलं नवं नव्हतं."

गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले. "तुम्ही समोर बसून होतात. पापणीसुद्धा लवली नाही तुमची. आता मला सांगा, मी कधी बदललं ते?"

भिंगाने दुसराच प्रश्न विचारला. "माझ्या मेहुण्याला ओळखता तुम्ही?"

"मी तुम्हालाही ओळखत नाही," गॅरेजवाला म्हणाला, "आणि देवाने तसंच ठेवावं." पण माणूस कामाचा होता. स्वतःचं काम गळतंय हे त्याच्याही जिव्हारी लागलं होतं. त्याने इंजिन चालू केलं, आणि तेल भरायचं तोंड उघडलं. आतून भसकन वाफ आली, झाकण हातातून उडेल इतक्या जोराने. तो थबकला. "आत दाब धरलाय. श्वास कोंडलाय याचा." टॅपेट कव्हरमधून हवेच्या डब्याकडे एक जाडसर रबरी नळी जाते, इंजिनच्या पोटातली वाफ तिच्यातून बाहेर पडते. त्याला ब्रीदर पाइप म्हणतात. "तो बंद असला तर वाफ जाईल कुठे? पॅकिंग ढकलून तेल बाहेर काढणार. सोन्याचं पॅकिंग बसवलं तरी गळेल. पहिल्याच वेळी हे बघायला हवं होतं मी."

त्याने पाइप काढला आणि त्यात फुंकर मारली. हवा गेली नाही. मग एक तार घालून त्याने आतून टोकरलं, आणि बाकावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर मातीचे ढेकळासारखे तुकडे पडले. तेलाने काळे झालेले, पण आतून लालसर, कडक. एका तुकड्याला बोरूच्या जाडीएवढं गोल भोक होतं. त्यातून वाळलेल्या कोळ्याचे दोन-चार पाय बाहेर पडले.

"कुंभारीण," गॅरेजवाला म्हणाला. "ती मातीचं घर बांधणारी माशी. आतमध्ये कोळी भरून ठेवते, पिल्लांना खायला. हे भोक दिसतंय ना, पिल्लं मोठी होऊन उडून गेल्याचं आहे. म्हणजे हा पाइप महिना-दोन महिने तोंड उघडं ठेवून पडला होता. चालत्या गाडीत ही घर करत नाही."

भिंग त्या मातीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो पुरावे गोळा करत आला होता, पण असा पुरावा कधी हाती लागला नव्हता. त्याने दोन तुकडे कागदात गुंडाळून खिशात टाकले.

मेहुण्याची सुट्टी बुधवारी असते हे त्याला ठाऊक होतं. बायकोला न सांगता, कामावरून अर्धा दिवस काढून, बुधवारी दुपारी तो स्कूटरवरून मेहुण्याच्या घरी गेला. बाहेर नवी गाडी नव्हती. आत जायच्या आधी त्याने एवढं पाहून घेतलं. दार वहिनीने उघडलं. त्याला एकट्याला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? ताई बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत. दादांशी जरा बोलायचं होतं."

मेहुणा आतल्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. महिन्या-दीड महिन्यात माणूस थोडा सुजल्यासारखा दिसत होता. भिंगाने खुर्ची ओढली आणि खात्याची नोटीस वाचावी तसं सगळं एका दमात वाचून दाखवलं. कंपनीची नवी गाडी कुठे आहे? पाठ धरली होती तर वाकलात कसे? आठ महिन्यांत एकशे तेरा किलोमीटर कसे? पॅकिंग घरी बदलून लपवलं का? शेवटी त्याने कागद उलगडून मातीचे तुकडे टेबलावर ठेवले.

"ही गाडी रोज चाळीस किलोमीटर जात होती म्हणालात. मग कुंभारणीने पाइपात हे घर कधी बांधलं?"

मेहुण्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला. त्याला राग आला नव्हता. उलट त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं.

"मीटर खरा आहे, भावजी," तो म्हणाला. "खोटा मी आहे."

वहिनी दारात उभी होती. ती म्हणाली, "सांगून टाका एकदाचं."

आठ महिन्यांपूर्वी, सर्व्हिसिंग करून आणल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी, सिग्नलला थांबलेला असताना मेहुण्याला फिट आली. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले आणि हा स्टिअरिंगवर डोकं टेकून. पाय ब्रेकवरच राहिला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. कंपनीने फिरतीवरून काढून गोदामात बसवलं. नवी गाडी वगैरे काही नव्हतंच, तो कंपनीच्या बसने जात होता. सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवायचे. पॅकिंगला थोडं तेल दिसत होतं, तेव्हा चालवायची नाही तर निदान दुरुस्त तरी करू, असं म्हणून त्याने एका बुधवारी झाकण खोललं.

"अर्ध्यावर मला दुसरी आली," तो म्हणाला. "हिने बघितलं तेव्हा मी बंपरपाशी आडवा होतो. हातात पाना. हिने सगळी हत्यारं कुलपात घातली. तीन महिने गाडी तशीच उभी, पाइप लोंबत. मग हिला न विचारता एके दिवशी बसवलं सगळं, घाईघाईने. थापलंच म्हणा ना. आत कुणी राहायला आलंय हे कुठे बघितलं मी."

"तीन महिने मी पण त्याच्याकडे बघितलं नाही," वहिनी म्हणाली. "त्या गाडीच्या बाजूने जावंसंच वाटायचं नाही मला."

भिंग आला होता चोर पकडायला. "पण आम्हाला सांगायचं होतं," तो म्हणाला. "निदान तुमच्या बहिणीला तरी."

"तिलाच नाही सांगायचं." मेहुणा पहिल्यांदा ताठ बसला. "आमच्या बाबांना हेच होतं. शेवटची आली तेव्हा घरी ती एकटी होती. चौदा वर्षांची. मी खेळायला गेलो होतो. तासाभराने आलो तर ती बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, आणि बाबा केव्हाच गेलेले. नंतर वर्षभर ती झोपेत उठून माझ्या नाकापुढे हात धरून बघायची. अजूनही माझं डोकं दुखतंय म्हटलं तर दिवसातून तीन फोन करते. तिला हे कळलं तर ती जगायची नाही सुखाने. भावजी, शब्द द्या मला."

भिंगाला एवढंच ठाऊक होतं, की सासरे बायको लहान असतानाच गेले. कसे, ते तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि प्रत्येक गोष्टीची चौकशी करणाऱ्या या माणसाने तेवढंच कधी विचारलं नव्हतं. त्याने शब्द दिला.

घरी जाताना त्याने स्कूटर दोनदा थांबवून खोटं कसं बोलायचं ते जुळवलं. लोकांचं खोटं तो दारातूनच ओळखायचा, पण स्वतः रचायची वेळ आली तेव्हा कळलं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

बायको वह्या तपासत बसली होती. "कुठे गेला होतात?"

"दादांकडे. मीटरचा उलगडा झाला. वायर तुटली होती. आठ महिने मीटर बंदच होता."

"बरं." तिने लाल पेनाने एक खूण केली. "आणि कुंभारीण?"

"कोण कुंभारीण?"

"मी गाडी आणायला गेले तेव्हा गॅरेजवाल्याने सांगितलं सगळं. पाइप महिना-दोन महिने उघडा होता म्हणाला. दादा पाइप उघडा टाकून रोज चाळीस किलोमीटर जात होता का?"

"तो... सुट्टीवर होता मध्ये."

तिने पेन बंद केलं. "इकडे बघा. तुम्ही दूधवाल्यावर संशय घेता, गॅरेजवाल्याच्या बोल्टांना रंग लावता. आज पुरावा खिशात घालून माझ्या भावाकडे गेलात आणि परत आलात ते त्याची बाजू घेऊन? रागावला नाहीत, चिडला नाहीत, माझं खरं निघालं असंही म्हणाला नाहीत. इतकं मोठं काय आहे तिकडे?"

भिंग पायातले बूट काढण्यात गुंतला. नाडीची गाठ सुटेना.

"दुसऱ्याला चालवायला लावून आला," ती बोलत होती, आता त्याच्याशी नाही, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं. "पाठ धरलीय म्हणाला आणि खाली वाकला. बसने परत गेला. जीव की प्राण असलेली गाडी देऊन टाकली. आठ महिने चालवलीच नाही." ती थांबली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "किती वेळा आली त्याला?"

भिंगाने वर बघितलं नाही. बूट हातात घेऊन तो तसाच बसून राहिला. तिला तेवढं पुरलं. ती उठून मोरीत गेली, नळ सोडला, आणि तो नळ कितीतरी वेळ वाहत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाहता नळ बंद करायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेलीच नाही. भल्या सकाळी गाडी काढून भावाकडे गेली. नऊच्या सुमाराला भिंगाचा फोन वाजला.

"शब्द दिला होतात, भावजी." मेहुण्याचा आवाज थंडगार होता.

"मी नाही सांगितलं."

"मग तिला स्वप्न पडलं का? हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

"दादा, खरंच मी नाही."

फोन बंद झाला. भिंग एका बंगल्याच्या फाटकाशी मीटरची वही काखेत धरून उभा होता. दारोदार ऐकलेलं "आम्ही नाही हो" आता त्याच्याच आवाजात त्याच्या कानात वाजत होतं. ते त्याला स्वतःलाही खरं वाटेना.

मेहुण्याला वाटलं होतं तसं मात्र काही झालं नाही. बायको पहिले चार दिवस रडली, पाचव्या दिवशी तिने डॉक्टरांच्या सगळ्या कागदांची फाइल केली. आधीचा डॉक्टर बदलला, औषध बदललं. गोळ्यांचं वेळापत्रक तिने वहिनीच्या स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं. दर पंधरा दिवसांनी बुधवारी अर्धी रजा टाकून ती भावाला स्वतः दवाखान्यात घेऊन जाऊ लागली. "तेव्हा मला काय करायचं ते माहीत नव्हतं," एकदा गाडी पुसता पुसता ती भिंगाला म्हणाली. "आता माहीत आहे. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. मला न सांगून दादाने माझं काय वाचवलं?"

या फेऱ्यांना भिंगही जायचा, वहिनीबरोबर मागच्या सीटवर. मेहुणा पुढे बसायचा आणि त्याच्याशी बोलायचा नाही. काही सांगायचं झालंच तर बहिणीकडे बघून सांगायचा, "त्यांना म्हणावं काच वर करा." बहीण ते भिंगाला पुन्हा सांगायची, आणि तोही मुकाट्याने काच वर करायचा. बायकोने दोनदा भावाला निक्षून सांगितलं, की हे काही बोलले नाहीत, मीच ओळखलं. मेहुणा म्हणाला, "तू नवऱ्याची बाजू घेणारच."

पाच महिने झाले, फिट आली नाही. गाडीखाली डागही पडला नाही. गॅरेजवाल्याने पाइप नवा घातला होता आणि दुसऱ्या वेळच्या पॅकिंगच्या कामाला भिंग बाकावर बसला नव्हता, बाहेर उभा राहिला होता. एकदा आत डोकावला, तेवढंच.

एका बुधवारी दवाखान्यात दोघी आत डॉक्टरांशी बोलत होत्या, आणि बाहेरच्या बाकावर हे दोघेच उरले.

"खरंच नव्हतं सांगितलंत?" मेहुण्याने अचानक विचारलं. पाच महिन्यांत थेट भिंगाला विचारलेलं हे पहिलं वाक्य.

"नाही."

मेहुण्याने मान वळवून त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, अगदी सावकाश. भिंगाने नजर चुकवली नाही, पण चुकवावीशी वाटली.

"नाही पटत, भावजी," मेहुणा शेवटी म्हणाला.

"मलाही पटलं नसतं," भिंग म्हणाला, आणि बाकावर जरा सरकून त्याने मेहुण्याला पाय पसरायला जागा करून दिली.